नाकात तीन ग्रॅम माती : कागदाचे जुने विमान उडते कसे?

बारामतीच्या एमआयडीसीजवळ धावपट्टी झाल्यापासून या भागातल्या मुलांना छोट्या विमानांचा आवाज नवीन राहिलेला नाही. वैमानिकीचे शिक्षण घेणाऱ्यांची दोन-चार आसनी विमाने बारामती आणि इंदापूर तालुक्यांवरून घिरट्या घालत आली आहेत. उसाच्या फडात पाणी देणारा माणूस आता मान वर करून बघतोच असे नाही. पण शाळेत विचारून पाहा. ‘त्या विमानाचे पंख धडाच्या वर असतात की खाली?’ निम्मा वर्ग गोंधळतो. ‘शेपूट नसले तर विमान उडेल का?’ यावर तर वादच सुरू होतो. रोज डोक्यावरून जाणारी वस्तू आपण किती कमी पाहिलेली असते, ते त्या दिवशी कळते.

मी वर्गात नेले होते ते विमान मात्र आकाशातल्या विमानांपेक्षा बरेच जुने होते. जे. आर. डी. टाटांच्या ‘पस मॉथ’ विमानाची जाड कागदाची प्रतिकृती. दोन रात्री बसून मापात कापलेली, रंगवलेली, पंखावर नोंदणीची अक्षरेसुद्धा काढलेली. व्हरांड्यात उभे राहून मी ती ऐटीत सोडली. विमानाने नाक वर केले, क्षणभर हवेत थांबले आणि शेपटीवर आदळले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मागून आवाज आला, ‘सर, याच्यापेक्षा वहीच्या कागदाचं लांब जातं.’ ते खरेच होते. वर्गात कोणीही घडीचे विमान करते, ते सरळ जाते. आणि खऱ्या विमानाची हुबेहूब नक्कल मात्र पडते. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना इयत्ता आठवी ते बारावीपर्यंतचे बरेचसे यंत्रशास्त्र हातात येते. म्हणून हा उद्योग सविस्तर सांगतो.

आधी मूळ विमानाविषयी थोडे. ‘पस मॉथ’ हे ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचे विमान, पहिल्यांदा उडाले १९२९ साली. एक इंजिन, बंद खोलीसारखी बैठक आणि त्या खोलीच्या छपरावर बसवलेला एकेरी पंख. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन याच जातीचे विमान अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला आणले. तिथून पुढे मद्रासपर्यंत ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. टाटांच्या हवाई टपालसेवेची आणि पुढे एअर इंडिया झालेल्या कंपनीची ही सुरुवात. जुहूला तेव्हा बांधीव धावपट्टी नव्हती, समुद्राकाठची चिखलवट जमीन होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. मग या टपालसेवेचे बिऱ्हाड पुण्याला हलवले जाई, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानात. म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या मातीवरही हे विमान पावसाळ्यात टेकत होते. मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. पुस्तकातले विमान लगेच जवळचे होते.

पस मॉथ निवडण्याचे दुसरे कारण व्यवहारी आहे. पंख वर आणि धड खाली, ही रचना कागदात करायला सोपी व हवेत शांत असते. शिवाय प्रशिक्षणासाठी वापरतात ती सेसना १५२ सारखी विमानेही उंच पंखांचीच. शाळेच्या मैदानावरून वर पाहायचे आणि हातातल्याशी ताडून पाहायचे, हे जमते.

आता आकडे. खऱ्या पस मॉथच्या पंखांचा पसारा ११.२ मीटर, लांबी ७.६ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २०.६ चौरस मीटर आणि पूर्ण भरल्यावर वजन सुमारे ९३० किलो. आपण ४० पट लहान प्रतिकृती करू. पसारा होईल २८ सेंमी आणि लांबी १९ सेंमी. क्षेत्रफळ मात्र ४० ने नव्हे, ४० च्या वर्गाने म्हणजे १,६०० ने भागावे लागेल. ते येते साधारण १२९ चौरस सेंमी. वजन घनाच्या प्रमाणात घटते, म्हणून भागायचे ६४,००० ने. ९३० किलोचे होतात साडेचौदा ग्रॅम. हा हिशेब फळ्यावर न सोडवता मुलांकडून सोडवून घ्या. ‘४० पट लहान’ या एकाच शब्दाचे तीन वेगळे अर्थ होतात, हे त्यांच्या लक्षात येईल.

याचा परिणाम काय? खऱ्या विमानात पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ४५ किलोंचा भार असतो. आपली प्रतिकृती भरते साधारण ९ ग्रॅम. म्हणजे तिच्या पंखावर दर चौरस मीटरला सुमारे ७०० ग्रॅम भार, साठपटींहून कमी. पंखाला हवेतून मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून साठपट कमी भाराला जवळपास आठपट कमी वेग पुरतो. खरे विमान ताशी १३० किलोमीटरने जाते तेव्हा आपले ताशी सोळा-सतरा किलोमीटरने, म्हणजे जरा जोराने मारलेल्या सायकलच्या वेगाने जाईल. हाताने फेकायला हा वेग अगदी योग्य. आपली विमाने व्हरांड्यात उडू शकतात ती या भागाकारामुळे.

साहित्य फार नाही. लग्नपत्रिकेच्या जाडीचा कागद (दुकानात २०० जीएसएमचा कार्डशीट म्हणून मिळतो, जुन्या पत्रिका चालतील, पण उठावाची नक्षी नको), पांढरा डिंक किंवा फेविकॉल, धारदार कात्री, पट्टी, आणि मळलेली माती किंवा मुलांच्या खेळातला प्लॅस्टिकचा लगदा.

कापण्याआधी एक गोष्ट पाहायची. लाकडासारखेच कागदालाही तंतू असतात आणि कारखान्यात यंत्रावरून कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेला ते जास्त करून वळलेले असतात. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, ते यामुळेच. कार्डशीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने वाकवताना जोर लागतो ती तंतूंची दिशा. पंखाची लांबी या दिशेला ठेवायची. उलटी ठेवली तर पंख पहिल्याच फेकीत कानासारखे लोंबतात. आमच्या निम्म्या विमानांचे पहिल्या दिवशी हेच झाले होते.

पंख : २८ सेंमी × ४.६ सेंमीची पट्टी, टोके गोल. मधोमध हलकी रेघ ओढून दोन्ही बाजू वर उचलायच्या, इतक्या की विमान टेबलावर ठेवल्यावर प्रत्येक टोक मध्यापेक्षा दोन सेंमी उंच राहील. घडीवर खालून ४ × ३ सेंमीची पट्टी चिकटवून तो कोन पक्का करायचा. मग पंख टेबलाच्या कडेवरून हलकेच ओढून वरच्या बाजूला थोडा फुगीर करायचा. तीन मिलिमीटरचा फुगवटा पुरे, आणि तो पुढच्या तिसऱ्या भागात हवा.

धड : बाजूने दिसणारी आकृती काढून तीच तीनदा कापायची आणि तीन थर एकमेकांवर चिकटवायचे. थर लावून धड कडक करण्याची ही रीत जपानचे यासुआकी निनोमिया यांनी कागदी विमानांत फार पुढे नेली. त्यांच्या विमानांनी १९६७ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कागदी विमानांच्या स्पर्धेत बाजी मारली होती. बाहेरच्या दोन थरांना पंखाच्या आणि शेपटीच्या जागी एक-एक सेंमीचे कान ठेवावेत व ते बाहेर दुमडावेत. पंख त्यांवर चिकटतो. पंखाची पुढची कडा नाकापासून साडेचार सेंमीवर येऊ द्या आणि तिथले कान मागच्यापेक्षा दीड मिमी उंच ठेवा. फेविकॉल बोटाने पातळ पसरावा. जास्त झाला तर त्यातल्या पाण्याने कागद वाकतो. चिकटवलेले धड रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवायचे. इथे घाई करू नये.

शेपूट : आडवे ११ × ३ सेंमी, उभे साधारण ४ × ३ सेंमी. आडव्या शेपटीच्या बाबतीत मी खऱ्या विमानाशी थोडी बेइमानी केली आहे. प्रमाणापेक्षा ती मोठी घेतली आहे. का, ते पुढे येईलच. पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरक्या दांड्या शोभेपुरत्या लावायच्या असतील तर लावा, उडण्याला त्यांची गरज नाही.

विमान तयार झाले की ते फेकायचे नाही. पंखांखाली दोन्ही बाजूंना एक-एक बोट धरून तोलायचे. कुठे तोलले जाते? रिकामे विमान पंखाच्या अगदी मागच्या कडेवर तोलले जाईल. त्याचा गुरुत्वमध्य तिथे आहे. माझे विमान पडले ते नेमके याच कारणाने. खऱ्या पस मॉथच्या नाकात १२० अश्वशक्तीचे इंजिन असते. मी नाकाचा आकार, रंग, पंखा सगळे काढले होते, फक्त इंजिनाचे वजन विसरलो होतो. दिसायला हुबेहूब असलेले माझे विमान वजनाच्या दृष्टीने नाक कापलेले विमान होते.

आता नाकाच्या दोन्ही बाजूंना मातीच्या छोट्या गोळ्या लावत जा. पंखाच्या पुढच्या कडेपासून दीड सेंमीवर विमान तोलले गेले की थांबा. त्याला साधारण तीन ग्रॅम माती लागते. वजनकाटा नसेल तर २०११ नंतरचे एक रुपयाचे नाणे घ्या, ते पावणेचार ग्रॅमच्या थोडे वर भरते. पेन्सिलीवर पट्टी आडवी ठेवून एका बाजूला नाणे व दुसऱ्या बाजूला माती ठेवली की अंदाज येतो. मग खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, ढकलल्यासारखे सोडा. भिरकावू नका. शेपटीची मागची कड एखादा मिलिमीटर वर वळवावी लागेल. दोन-चार प्रयत्नांत विमान असे काही सरळ सरकत जाते की मघाशी वहीचा कागद पुढे करणारा विद्यार्थीच ते आणायला पळतो.

या ठिकाणी वर्गाला प्रयोग करू द्यावा. मातीऐवजी कागदाच्या क्लिपा घ्या. त्या धडावर पुढे-मागे सरकवल्या की गुरुत्वमध्य हलतो. तो पुढच्या कडेपासून एक, दीड, दोन आणि अडीच सेंमीवर आणून प्रत्येक वेळी पाच-पाच फेकी करायच्या, अंतरे खडूने मांडायची. एक सेंमीवर विमान नाक खुपसते, पण शेपटीची कड वर वळवली की पुन्हा शहाण्यासारखे वागते. दीडवर ते शांत असते. दोनवर अंतर कधीकधी वाढते, पण विमान थोडे नाजूक होते. अडीचला मात्र कशाचा भरवसा राहत नाही. एकदा वर चढून कोसळते, पुढच्या वेळी सूर मारते. शेपटीची कड कितीही वळवा, दोन फेकी सारख्या होत नाहीत. हा फरक मुलांकडूनच येऊ द्या. पुढे जड असलेले विमान चुकते, पण दर वेळी तसेच चुकते, म्हणून सुधारता येते. मागे जड असलेले विमान दर वेळी वेगळे चुकते.

कारण असे. वाऱ्याची झुळूक आली आणि विमानाचे नाक थोडे वर गेले. पंख आणि शेपूट दोन्ही आता हवेला जास्त तिरके भिडतात आणि दोघांचीही उचल वाढते. ही वाढीव उचल कुठे लागू होते? पंखाचा वाटा पुढे, शेपटीचा बराच मागे. दोन्ही मिळून त्यांचा एक मध्यबिंदू ठरतो. तो बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर वाढीव उचल विमानाची मागची बाजू वर लोटते, म्हणजेच नाक खाली आणते. चूक आपोआप दुरुस्त होते. तो बिंदू गुरुत्वमध्याच्या पुढे आला तर वर गेलेले नाक आणखी वर लोटले जाते आणि चूक वाढत जाते. बाणाचे टोक जड आणि पिसे मागे असतात, त्यात हेच तत्त्व आहे. शेपूट मोठी घेतली की तो मध्यबिंदू मागे सरकतो आणि आपल्याला चुकायला जास्त जागा मिळते. मी बेइमानी केली ती यासाठी. खऱ्या विमानात लहानसहान चूक सावरायला वैमानिक असतो. कागदाच्या विमानाला स्वतःच सावरावे लागते.

ही समजूत माणसाला कागदी प्रतिकृतींवरच आली. इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०४ साली एका लांब दांडीवर चक्क कागदाचा पतंग थोडा तिरका बसवला, मागे हलवता येणारी शेपूट लावली आणि पुढे सरकवता येणारे वजन ठेवले. आपण क्लिप सरकवतो तेच. आपल्याकडे नागपंचमीला पतंग उडवणाऱ्या मुलांना हा पतंग चटकन कळतो. पतंगाला दोरा धरून ठेवतो. केलींनी दोरा काढला आणि त्याचे काम वजन व शेपूट यांच्यावर सोपवले. पुढे १८७१ साली पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान अकरा सेकंद उडवून दाखवले. पंखापेक्षा किंचित कमी कोनात बसवलेली शेपूट ही त्याची किल्ली. आपण पंखाचे कान पुढे दीड मिमी उंच ठेवले आणि शेपटीची कड वर वळवली, ती पेनोचीच कृती. वयाच्या तिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले, पण त्याचे एक खेळणे १८७८ साली अमेरिकेत दोन भावांच्या हाती पडले. बूच, बांबू, कागद आणि रबर यांचे, वर उडणारे भिंगरीसारखे खेळणे. वडिलांनी ते घरी आणले होते. ते भाऊ म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

इथे एक इशारा. जुनी विमाने करायची म्हटले की मुले पहिल्यांदा राइट बंधूंचेच विमान मागतात. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या त्या विमानाची आडवी फळी मागे नसून पुढे होती आणि वर सांगितलेल्या अर्थाने ते अस्थिरच होते. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, त्या दिवसाचे सर्वांत मोठे ५९ सेकंदांचे, आणि प्रत्येक क्षणी वैमानिकाला हाताने नाक सावरावे लागत होते. राइट बंधूंचे मोठेपण या ‘सावरण्यात’ आहे. पक्षीही असेच सारखे सावरत उडतात. भिगवणला उजनीच्या पाण्यावर उतरणारा रोहित पक्षी पाहिला तर पंख आणि शेपटी सतत आकार बदलताना दिसतात. कागदाच्या विमानात सावरायला कोणी नाही. म्हणून त्याची मापात कापलेली नक्कल शोभेच्या कपाटात ठेवावी. उडवायचीच असेल तर नाकात भरपूर वजन घालावे आणि फार अपेक्षा ठेवू नये.

राइट बंधूंचे नाव निघाले की आपल्या वर्गात एक प्रश्न येतोच : ‘शिवकर बापूजी तळपद्यांनी त्यांच्या आधी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं होतं ना?’ प्रश्न उडवून लावू नये, आणि अभिमानाने होकारही देऊ नये. तळपदे (१८६४–१९१६) ही खरी व्यक्ती, विमानाच्या विचाराने झपाटलेली. पण १८९५ च्या त्या उड्डाणाचा त्या काळातला खात्रीलायक पुरावा उपलब्ध नाही. त्यांच्या नावाशी ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा संबंध जोडला जातो, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातल्या आकृत्यांमधली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरी २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालेच. मला वाटते, आपल्या मुलांच्या हातात याहून चांगले साधन आहे. कोणत्याही विमानाचे चित्र समोर आले की त्यांनी विचारावे : वजन किती, पंखाचे क्षेत्रफळ किती, गुरुत्वमध्य कुठे, शेपूट कुठे? उत्तरे मिळाली तर कागद कापायला बसावे. मिळाली नाहीत तर अजून विमान नाही, नुसते चित्र आहे. हीच परीक्षा राइट बंधूंच्या चित्रालाही लावायची, हे मात्र विसरू नये.

आता पुन्हा आपल्या व्हरांड्याकडे. दीड मीटर उंचीवरून हलकेच सोडलेले विमान सहा-सात मीटर गेले तर ते उंचीच्या सुमारे चारपट सरकले. सेसना १५२ सारखे विमान इंजिन बंद असताना उंचीच्या साधारण नऊपट अंतर सरकू शकते. हे गुणोत्तर नुसते कुतूहल म्हणून नाही. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीच्या प्रशिक्षण केंद्राचे असेच एक विमान, एकटी विद्यार्थिनी चालवत असताना, इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळले. चिंकारांच्या माळरानासाठी ओळखले जाणारे हे गाव. इंजिनाची शक्ती गेली, असे तेव्हा सांगण्यात आले. वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली.

इंजिन बंद पडलेले विमान म्हणजे आपले कागदाचे विमान. ते दगडासारखे पडत नाही, घसरगुंडीवरून सरकल्यासारखे सरकते. उंची देते आणि वेग घेते. पण घाबरलेल्या माणसाचा हात नेमका उलटे करायला धावतो. जमीन जवळ येताना दिसली की नाक वर ओढावेसे वाटते. वेग कमी होतो, पंख हवेला फार तिरका होतो, वरून वाहणारी हवा पंखाला धरून न राहता सुटते आणि उचल एकदम ढासळते. माझे पहिले विमान व्हरांड्यात नाक वर करून क्षणभर थांबले आणि आदळले, ते हेच. म्हणून वैमानिकाला सुरुवातीलाच शिकवतात की इंजिन गेले तर आधी नाक खाली, वेग राखा, मग शेत शोधा. क्लिप मागे सरकवून आदळलेले विमान ज्याने दहा वेळा उचलून आणले आहे, त्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. विमान फार जोरात फेकू नका. वेग वाढला की कागदाचा पंख फडफडू लागतो आणि घडीपाशी मोडतो. हे खेळण्यापुरते नाही. पहिल्या काही वर्षांत खऱ्या पस मॉथपैकी कित्येकांचे पंख हवेतच मोडले होते. तपासात पंखांच्या तिरक्या दांड्यांकडे आणि थरथरीकडे बोट दाखवले गेले आणि त्या दांड्यांना जादा टेकू देण्यात आला. मघाशी ‘शोभेपुरत्या’ म्हटलेल्या दांड्या खऱ्या विमानात अशा जीवनमरणाच्या होत्या.

दुसरी गोष्ट अकरावी-बारावीच्या मुलांसाठी. कार्डशीटवर हात बसला की नागपंचमीच्या सुमारास पतंगाचे ताव आणि कामट्या स्वस्तात घेऊन ठेवा. कामट्या तासून पंखाचा सांगाडा करायचा, त्यावर पतंगाचा कागद खळीने डकवायचा आणि सुकल्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारायचा. वाळताना कागद ताणून बसतो. पूर्वी हौशी लोक विमाने करीत ती बाल्सा लाकडाच्या काड्या आणि पातळ कागद वापरून याच रीतीने. बाल्सा आपल्या बाजारात सहज मिळत नाही. कामटी जड पडते, पण चिवट असते. एकमेकांत गुंफलेली रबरे पिळून पंखा फिरवता येतो. ज्यांना एवढी खटपट नको, त्यांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षे करून दाखवलेली साधी कागदी खेळणी करावीत.

उडवायला वेळ सकाळची, प्रार्थनेच्या आधीची. नऊनंतर आमच्याकडच्या माळावर ऊन तापते, गरम हवेचे भोवरे उठू लागतात आणि नऊ ग्रॅमचे विमान कुठल्या बांधावर जाऊन बसेल ते सांगता येत नाही. गेल्या खेपेला एक कडुलिंबात अडकले. ते अजून तिथेच आहे, नाकातल्या मातीसकट.